पंडिता रमाबाईंचे मराठी बायबल

पंडिता रमाबाईंचे मराठी बायबल हे जुना व नवा करार मिळून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर होय. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी ते पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केले. ते संपूर्ण ग्रंथरूपाने त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रकाशित झाले. मुक्तीतील अल्पशिक्षित स्त्रियांना कोणाच्याही मध्यस्थीवाचून शास्त्र वाचता यावे, हा त्यामागील हेतू होता.

पार्श्वभूमी

मराठीत बायबल उतरवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने १८११ मध्ये श्रीरामपूर येथून (हे श्रीरामपूर बंगालमधील, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नव्हे) नवा करार प्रसिद्ध झाला. पुढे मुंबईतील मिशनऱ्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. या भाषांतरांत पंडितांचा मोठा हात असल्याने त्यांची भाषा बरीच संस्कृतप्रचुर होती. स्वतः रमाबाईंना संस्कृताची अडचण असण्याचे कारणच नव्हते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पुराणिक कुटुंबात त्या वाढल्या आणि कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तरीही आपल्या भाषांतरासाठी त्यांनी बोलीच्या जवळची मराठी निवडली. हिंदू देवतांशी व तत्त्वज्ञानाशी जोडलेल्या शब्दांमुळे मूळ अर्थाची गल्लत होते, असाही त्यांचा आक्षेप होता.

शंका आणि पत्रव्यवहार

ख्रिस्ती शास्त्राशी रमाबाईंचा पहिला जवळचा परिचय आसामातील सिल्चर येथे झाला. पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथील पतित स्त्रियांच्या आश्रमात जोगिणींची सेवा पाहून, हे काम त्या कशाच्या बळावर करतात असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय, म्हणजे येशू व शोमरोनी स्त्री यांचा संवाद, वाचून दाखवण्यात आला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई व त्यांची कन्या मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयाला नहेम्या गोरे (पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री) यांच्या लेखनाचाही हातभार लागला होता.

बाप्तिस्म्याने शंका मिटल्या नाहीत. उलट त्या अधिक टोकदार झाल्या. सिस्टर जेराल्डिन व चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्तावर आणि अथानासियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मतांगीकारावर कसून प्रश्न विचारले. जे बायबलात स्वतःला वाचायला मिळते तेवढेच मानू, अशी त्यांची भूमिका होती. एका पुरोहितवर्गाची सत्ता सोडून आल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाची सत्ता स्वीकारणे त्यांना मान्य नव्हते. क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत हा त्यांचा आग्रहही त्याच वृत्तीतला. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. मिस बील यांनी मात्र अधिक सहानुभूती दाखवली. ही पत्रे १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आली आणि श्रद्धाळू धर्मांतरित विधवा ही रमाबाईंची रूढ प्रतिमा किती अपुरी आहे, हे मराठी वाचकांपुढे आले. स्वतःच्या डोळ्यांनी शास्त्र वाचण्याचा हा हट्ट भाषांतराच्या मुळाशी आहे. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी म्हटल्याचा आशय असा, की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला तो आठ वर्षांनंतर.

शारदा सदन ते मुक्ती

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. तेथे कोणावर धर्माची सक्ती नव्हती. मात्र रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना व बायबलवाचन करीत तेव्हा दार उघडे असे आणि येऊन बसणाऱ्या मुलींना त्या अडवीत नसत. ‘केसरी’ने यावर कठोर टीका केली. १८९३ मध्ये न्या. रानडे, रा. गो. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. उघडे दार हे औदार्य की आमिष, हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. आईवडील व बहीण उपासमारीत गमावल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. आलेल्यांची सोय पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावच्या शेतजमिनीवर झाली. केडगाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते; आजचा बारामती तालुकाही त्या काळी भीमथडीतच मोडत असे. भीमथडी आणि शेजारचा इंदापूर हा पर्जन्यछायेतील प्रदेश १८७६–७८ च्या दुष्काळात होरपळून निघाला होता. अशा भागात विहिरी खणून, शेती करून अन्नछत्र उभारणे सोपे नव्हते. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या जवळपास दोन हजारांवर गेली. देणग्यांसाठी याचना न करता प्रार्थनेवर विसंबण्याचे तत्त्व रमाबाईंनी जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्रातून घेतले होते. देणग्या मुख्यतः परदेशातून येत.

भाषांतर व छपाई

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भाषांतराला प्रारंभ झाला, तेव्हा रमाबाईंची पंचेचाळिशी उलटली होती. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. मुक्तीत हिंदी आणि गुजराती बोलणाऱ्या स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. मराठी त्यांची जन्मभाषा नव्हती. हे पाहता सोप्या भाषेचा आग्रह ही व्यावहारिक गरजही होती. मजकूर जुळवणे, छापणे व बांधणी ही कामे मुक्तीच्या छापखान्यात आश्रमातील स्त्रियांनी केली. दुष्काळात अक्षरशून्य स्थितीत आलेल्यांपैकी काहींच्या हाती पुढे खिळे आले, ही गोष्ट या ग्रंथाच्या इतिहासात मजकुराइतकीच महत्त्वाची मानावी लागेल.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा यांचे निधन झाले. त्यानंतरही रमाबाईंनी काम चालू ठेवले. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली होती, अशी आठवण सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रसार

मराठी मंडळ्यांच्या उपासनेत मात्र बायबल सोसायटीचीच आवृत्ती रूढ राहिली. रमाबाईंचे भाषांतर प्रामुख्याने मुक्तीच्या परिघात व अभ्यासकांत वाचले गेले. संपूर्ण बायबल एकटीने भाषांतरित करणारी जगातील पहिली स्त्री असा त्यांचा उल्लेख अनेकदा होतो. तो बरोबर नाही. अमेरिकेतील ज्युलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्येच प्रसिद्ध झाले होते.