जुन्या रूपातला नवा कॅमेरा : वाट कशाची पाहावी?

कॅमेरा बाजारात येण्याआधी त्याची वाट पाहण्याचा एक मोसम असतो. आधी कुजबुज सुरू होते, मग एखादे अर्धवट छायाचित्र फुटते, त्यानंतर किमतीचे अंदाज बांधले जातात आणि सरतेशेवटी कंपनी तारीख जाहीर करते. जुन्या फिल्म कॅमेऱ्याचे रूप घेऊन येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या बाबतीत हा मोसम अधिकच लांबतो. २०१३ च्या ऑक्टोबर महिन्यात निकॉनने अशा एका कॅमेऱ्याची जाहिरात छोट्या चित्रफितींच्या मालिकेतून केली. स्कॉटलंडच्या धुक्यात एक छायाचित्रकार भटकतो आहे, हातातला कॅमेरा नीट दिसत नाही, ऐकू येतो तो डायल फिरवल्याचा टिकटिक आवाज. ५ नोव्हेंबर रोजी ‘डीएफ’ हा कॅमेरा जगापुढे आला, तेव्हा काही जण हरखले आणि काहींनी कपाळाला हात लावला, कारण त्यात व्हिडिओची सोयच नव्हती.

ही उत्कंठा गोव्याला परकी नाही. पेडण्यातील हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यांवर गळ्यात असा कॅमेरा अडकवलेले पर्यटक दिसतात आणि डिचोली, साखळीकडच्या लग्नांत फोटो काढणाऱ्या तरुणांच्या मोबाइलवरही नव्या मॉडेलच्या बातम्या येऊन थडकतात. फरक पैशाचा आहे. नुसत्या कॅमेऱ्यासाठी दीड-पावणेदोन लाख रुपये मोजायचे, भिंग वेगळे घ्यायचे, आणि हे सारे एका लग्नसराईच्या कमाईतून फेडायचे असेल, तर आपण नेमकी कशाची वाट पाहत आहोत हे आधी ठरवलेले बरे.

डायल म्हणजे काय

छायाचित्रातला प्रकाश तीन गोष्टींनी ठरतो. शटर किती वेळ उघडे राहते, भिंगाचे छिद्र किती मोठे आहे आणि प्रकाश टिपणारा पृष्ठभाग किती संवेदनशील आहे. फिल्मच्या काळात या तिन्हींना कॅमेऱ्यावर आपापली जागा होती. शटरचे आकडे वरच्या डायलवर, छिद्राचे आकडे भिंगाभोवतीच्या कड्यावर, तर संवेदनशीलता फिल्मच्या डबीवर छापलेली. डिजिटल युगात हे सारे एक-दोन चाकांत आणि पडद्यावरच्या मेन्यूत गेले. रेट्रो कॅमेरा ते पुन्हा बाहेर काढतो.

याचा खरा लाभ रूपात नाही. कॅमेरा बंद असतानाही तो कोणत्या मांडणीवर ठेवला आहे हे वरून पाहता येते, ही त्यातली मोलाची गोष्ट. डोळ्याला न लावता, छातीशी धरूनच १/२५० आणि एफ/८ लावून ठेवावे आणि योग्य क्षणी फक्त बटण दाबावे. फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यांत डायल आणि कडे दोन्ही ‘ए’ या अक्षरावर ठेवले की सारे स्वयंचलित होते आणि एक फिरवले की तेवढेच आपल्या हाती येते. नवशिक्याला प्रकाशाचे गणित समजावून द्यायला याहून सोपी पाटी नाही.

या प्रकारातला पहिला प्रयोग एप्सनचा. २००४ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘आर-डी१’ला फिल्म पुढे सरकवण्याच्या खटक्यासारखा खटका होता. फिल्म नसतानाही प्रत्येक फोटोआधी तो ओढून शटर सज्ज करावे लागे. किती फोटो उरले हे घड्याळासारखा काटा दाखवी. २००९ साली ऑलिंपसने आपल्या १९५९ च्या ‘पेन’ची आठवण जागवणारा कॅमेरा आणला. तरीही सर्वसामान्य छायाचित्रकारांत लाट उसळली ती २०१० च्या सप्टेंबरात, जर्मनीतील कोलोन येथे फुजीफिल्मने ‘एक्स१००’ दाखवला तेव्हा. तो विक्रीला येतो न येतो तोच मार्च २०११ चा भूकंप झाला, जपानच्या मियागी प्रांतातील कारखान्याचे काम थांबले आणि वाट पाहणाऱ्यांची वाट आणखी लांबली.

त्याच मालिकेतला पाचवा कॅमेरा, ‘एक्स१०० व्ही’, २०२० मध्ये आला. दोनेक वर्षांनी समाजमाध्यमांवरील तरुणाईने तो अचानक डोक्यावर घेतला. दुकानांत तो मिळेनासा झाला आणि वापरलेला कॅमेरा नव्याहून महाग विकला जाऊ लागला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी टोकियोत त्याचा वारसदार ‘एक्स१०० व्हीआय’ जाहीर झाला. ४०.२ मेगापिक्सेल, हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा आणि वजन अवघे ५२१ ग्रॅम. कंपनीच्या स्थापनावर्षाची आठवण म्हणून काढलेल्या विशेष आवृत्तीचे नग होते १९३४. नेहमीच्या आवृत्तीसाठीही जगभर प्रतीक्षायाद्या लागल्या. निकॉनने दरम्यान १९८२ च्या ‘एफएम२’चा चेहरा दोनदा वापरला, २०२१ मध्ये लहान सेन्सरच्या ‘झेडएफसी’साठी आणि सप्टेंबर २०२३ मध्ये फुल फ्रेम ‘झेडएफ’साठी. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेला ‘ओएम-३’ १९७२ च्या ऑलिंपस ‘ओएम-१’ची आठवण करून देतो.

पेडण्याचा जुना धागा

फोटोग्राफीच्या इतिहासात पेडणे तालुक्याचे नाव फार आधीपासून आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. मुंबईच्या भायखळ्यातील वस्तुसंग्रहालयाला ज्यांचे नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे मांद्र्याचे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांत भाऊ दाजी होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः जाणते छायाचित्रकार होते. सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही त्यांनी काम केले. त्या काळच्या ओल्या काचेच्या तंत्रात काचेवर रसायन चढवायचे, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधी धुवायची. हे सारे मोजक्या मिनिटांत उरकावे लागे. आजच्या डायलांना ‘संथ’ म्हणणाऱ्यांनी ते आठवावे.

पुढच्या शतकात कॅमेरा घरात आला. बडोद्यात बनणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ देशभरच्या मध्यमवर्गाचा पहिला कॅमेरा ठरला. एका रोलमध्ये चौकोनी १२ फोटो, बस्स. आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून याशिकासारखे जपानी कॅमेरे आले. चवथीची माटोळी आणि घरातली बारशी त्यांनीच टिपली. त्या कॅमेऱ्यांतले कित्येक आजही कपाटात चामड्याच्या पिशवीत पडून असतील. मात्र नव्या रेट्रो कॅमेऱ्यासाठी आतुर असलेला बावीस वर्षांचा तरुण या आठवणींपोटी आतुर नसतो. त्याने फिल्म पाहिलेलीच नाही. मोबाइल सारे काही आपणच ठरवतो, आणि हे त्याला नको झाले आहे. ‘गतकातरता’ हा शब्द त्याला लावणे म्हणूनच फारसे बरोबर नाही.

जत्रा, लग्न आणि दुपारचे ऊन

शिरगावच्या श्री लईराईच्या जत्रेत रात्री होमखण पेटते आणि पहाटेच्या सुमारास धोंड निखाऱ्यांवरून चालत जातात. अंधार, लालभडक निखारे, दाटी आणि क्षणात सरणारी पावले. अशा ठिकाणी डायलचे सौंदर्य उपयोगाचे नसते. तिथे लागतो तो मंद उजेडात अचूक फोकस करणारा कॅमेरा आणि मोठ्या छिद्राचे भिंग. ‘झेडएफ’ या कसोटीला उतरतो. त्याची अंतर्गत यंत्रणा आधुनिक आहे, जुने आहे ते केवळ कवच. पेडण्याच्या पुनवेला तरंगांच्या मागून सरकणाऱ्या गर्दीत किंवा त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर तरंगणाऱ्या दीपनौका टिपताना हाच हिशेब लागू पडतो.

हरमलच्या दुपारी चित्र उलटे होते. प्रकाश इतका प्रखर की मोठे छिद्र वापरताच येत नाही. ‘एक्स१०० व्हीआय’मध्ये प्रकाश चार टप्प्यांनी कमी करणारी गाळणी आतच बसवलेली आहे आणि त्याचे शटर भिंगातच असल्याने भर उन्हातही वेगवान शटरसोबत फ्लॅश वापरता येतो. पाठीमागे चकाकणारा समुद्र आणि पुढे सावलीतला चेहरा, अशा फोटोसाठी ही मोठी सोय आहे.

लग्नाच्या व्यावसायिक कामासाठी मात्र हाच कॅमेरा एकट्याने पुरेसा नाही. त्याचे भिंग बदलता येत नाही आणि मेमरी कार्डासाठी जागा एकच आहे. मुहूर्त पुन्हा येत नसतो, कार्ड बिघडले तर वधूपित्याला काय उत्तर देणार? ‘झेडएफ’मध्ये दोन कार्डे बसतात, पण दुसरे मायक्रो एसडी, तेही बॅटरीच्या कप्प्यात. कॅमेरा तिपाईवर असेल तर कार्ड काढायला तो खाली उतरवावा लागण्याची शक्यता अधिक. शिवाय पुढची बाजू सपाट असल्याने जड भिंग लावून चार तास उभे राहिल्यावर मनगट बोलू लागते. बॅटरी आणि कार्डासह त्याचे वजन सुमारे ७१० ग्रॅम आहे, त्यात भिंगाची भर. सुंदर वस्तू आणि कामाचे अवजार यांतला हा फरक जाहिरातीत दिसत नाही.

या साऱ्यांपेक्षा गोव्यात अधिक महत्त्वाचा ठरणारा आणि उत्साहाच्या भरात हमखास विसरला जाणारा मुद्दा पावसाचा आहे. राज्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवा ओलाव्याने जड असते. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ साठ टक्क्यांच्या वर राहिली की भिंगाच्या आत बुरशी धरू लागते. आरंभी कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, पुढे ती काचेवरचा लेपच खाते आणि मग साफसफाई करूनही डाग जात नाही. पेडण्याच्या किनारपट्टीवर खारा वारा आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यात तांबडी धूळ, ही त्यात भर.

म्हणून नव्या मॉडेलची माहिती जाहीर झाली की मेगापिक्सेलच्या आधी धूळ-पाण्यापासून संरक्षणाची ओळ वाचावी. ‘ओएम-३’ला आयपी-५३ दर्जा आहे, ‘झेडएफ’ला सीलबंद सांधे आहेत. ‘झेडएफसी’ला ते नाहीत. ‘एक्स१०० व्हीआय’ला संरक्षण हवे असेल तर भिंगापुढे वेगळे कडे आणि फिल्टर लावावा लागतो. हे दोन्ही बसवल्याखेरीज पावसात तो बाहेर काढू नये.

घरी ठेवण्याची पद्धत साधी आहे. चामड्याची पिशवी ओलावा धरून ठेवते, तेव्हा ती पावसाळ्यात वर्ज्य. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र ठेवावे, काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान असावा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. ऐपत असेल तर विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट घ्यावे. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आणलेल्या कॅमेऱ्यावर दव धरते. अर्धा तास तो पिशवीतच राहू द्यावा. आणि कॅमेरा वापरत राहावा, पडून राहिलेल्या भिंगातच बुरशी लवकर धरते.

खरेदीविषयी थोडेसे. टंचाईच्या काळात आखातातून किंवा सिंगापुरातून नातेवाइकाकरवी कॅमेरा मागवण्याचा मोह होतो. त्याची हमी भारतात चालेल की नाही हे लेखी पाहावे आणि शुल्कमुक्त मर्यादेपलीकडे सीमाशुल्क भरावे लागते हे धरूनच किमतीची तुलना करावी. वापरलेला कॅमेरा घेताना भिंग उजेडासमोर धरून आरपार पाहावे, पावसाळ्यानंतर विकायला काढलेल्या वस्तूबाबत तर अवश्य. नवे मॉडेल जाहीर झाल्यावर आधीचे मॉडेल वापरलेल्यांच्या बाजारात येते, आणि डायल तर दोघांनाही सारख्याच असतात. पूर्वनोंदणीची घाई नसलेल्यास हा काळ सर्वांत फायद्याचा.

ज्यांना केवळ फिल्मची गंमत हवी आहे त्यांच्यासाठी गेल्या काही काळात वेगळ्या वाटाही निघाल्या आहेत. पेंटॅक्सने जून २०२४ मध्ये ‘१७’ हा खराखुरा फिल्म कॅमेरा आणला, ज्यात ३६ च्या रोलवर ७२ अर्धे फोटो निघतात. फुजीफिल्मच्या मे २०२५ मधील ‘एक्स हाफ’ या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात अशी एक सोय आहे की ३६, ५४ किंवा ७२ फोटो पुरे झाल्याशिवाय त्यातला एकही पाहता येत नाही. प्रत्येक फोटोनंतर खटका ओढायचा आणि रोल संपेपर्यंत थांबायचे.