‘प्युनी’ : शब्दार्थ आणि न्यायासनाचा अधिकार

इंग्रजी कायद्याच्या परिभाषेत जे फ्रेंच शब्द आपल्या जुन्या वर्णरचनेसह टिकून राहिले आहेत, त्यांत ‘प्युनी’ हा शब्द विशेष विचारार्ह आहे. ‘नंतर’ आणि ‘जन्मलेला’ या अर्थांच्या दोन प्राचीन फ्रेंच पदांचा तो समास होय. संस्कृतातील ‘अनुज’ शब्दाची घटना नेमकी अशीच आहे. ‘अग्रज’ शब्दाचा जोडीदारही फ्रेंचमध्ये आढळतो. थोरला आणि धाकटा हा भेद वारसाहक्कात निर्णायक असल्यामुळे हे दोन्ही शब्द इंग्लंडच्या विधिज्ञांनी स्वीकारले.

इ. स. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंच भाषेला इंग्लंडच्या न्यायालयांत जे स्थान मिळाले, ते दीर्घकाळ टिकले. १३६२ च्या कायद्याने तोंडी युक्तिवाद इंग्रजीत करण्याची आज्ञा दिली, तरी विधिज्ञांच्या लेखनातून फ्रेंच हटली नाही. १७३१ मध्ये संमत होऊन १७३३ पासून अमलात आलेल्या कायद्यानेच तिचा व लॅटिनचा न्यायालयीन वापर संपुष्टात आला. तोपर्यंत या शब्दाच्या दोन शाखा झाल्या होत्या. लोकव्यवहारात तो उच्चारानुसार लिहिला जाऊ लागला आणि ‘धाकटा’ या अर्थावरून ‘हीन’, पुढे ‘दुबळा, क्षुद्र’ या अर्थांपर्यंत उतरला. न्यायालयात मात्र जुने लेखन आणि जुना अर्थ कायम राहिला. उच्चार दोहोंचा एकच. यामुळेच अर्थाविषयी घोटाळा संभवतो.

मुख्य न्यायाधीशाखेरीज अन्य न्यायाधीशांना ‘प्युनी’ म्हणण्याचा प्रघात इंग्लंडमधून हिंदुस्थानात आला. १७७४ मध्ये कलकत्त्यास सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले, तेव्हा मुख्य न्यायाधीश इलायजा इंपी यांच्यासमवेत तीन प्युनी न्यायाधीश होते. मुंबईचे सर्वोच्च न्यायालय १८२४ मध्ये सुरू झाले. ‘प्युनी’ म्हणजे अधिकाराने उणा काय, हा प्रश्न तेथे लवकरच प्रत्यक्ष व्यवहारात उभा राहिला. ऑगस्ट १८२८ मध्ये मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट आणि ऑक्टोबरात सर चार्ल्स चेंबर्स निधन पावले. न्यायासनावर सर जॉन पीटर ग्रँट हे प्युनी न्यायाधीश एकटेच उरले. पुण्याच्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलास हजर करण्याविषयी न्यायालयाने काढलेला हुकूम गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या सरकारने अमलात येऊ दिला नाही. तेव्हा ग्रँट यांनी १ एप्रिल १८२९ रोजी न्यायालयाचे कामकाजच बंद केले. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने त्यांच्याविरुद्ध मत दिले. परंतु त्याचा आधार न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राची मर्यादा हा होता; आसनावर बसलेला न्यायाधीश प्युनी होता, हा नव्हे. एकट्या प्युनी न्यायाधीशाच्या ठायी संपूर्ण न्यायालय नांदू शकते, हेच या प्रकरणातून दिसून येते.

गहाणाच्या कायद्यातही शब्दाचा कालवाचक अर्थ शाबूत आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३४, नियम १ च्या स्पष्टीकरणानुसार, प्युनी गहाणदारास आधीच्या गहाणदाराला पक्षकार न करता दावा लावता येतो. येथे ‘प्युनी’ म्हणजे केवळ ‘मागाहूनचा’. त्याचे गहाण खोटे किंवा लटके नसते. अग्रक्रमात ते मागे असते, एवढेच.

भारतीय संविधानाच्या कलम १२४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती व ‘अन्य न्यायाधीश’ असा शब्दप्रयोग आहे. तथापि १९९८ मध्ये राष्ट्रपतींच्या पृच्छेवर दिलेल्या मतात सर्वोच्च न्यायालयाने, नियुक्तीची शिफारस करताना मुख्य न्यायमूर्तींनी चार ज्येष्ठतम ‘प्युनी’ न्यायाधीशांशी विचारविनिमय करावा, असे म्हटले. ‘ज्येष्ठतम धाकटे’ हा शब्दप्रयोग वरवर विसंगत वाटतो. पण व्युत्पत्ती ध्यानात घेतल्यास ती विसंगती उरत नाही, कारण अनुजांमध्येही ज्येष्ठत्वाचा क्रम असतोच.

म्हणून या शब्दासाठी ‘कनिष्ठ न्यायाधीश’ हा प्रतिशब्द योजणे सदोष ठरते. त्यातून खालच्या न्यायालयाचा न्यायाधीश असा ग्रह होतो, आणि लोकव्यवहारातील क्षुद्रत्वाची छटा न्यायासनाला चिकटते. ‘प्युनी’ हा शब्द क्रम सांगतो; बळ सांगत नाही.