भाग ३७ : मामाची गाडी आणि बीएसचा आकडा

पुणे-लोणावळा लोकलमध्ये दारात उभं राहून ऐकत असाल, तर आधी आत सरका. मग बोलू.

आजचा भाग माझ्या मामामुळे झालाय. मामा पवन मावळात गुलाब करतो. दोन वर्षांच्या फुलांतून चार लाख बाजूला पडलेत आणि त्याला सेकंड हँड सात सीटर डिझेल गाडी हवीय. परवा रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो आले. पहिली शेवर्ले टॅव्हेरा, २०१३ च्या सुरुवातीची, पुण्याचं पासिंग. दुसरी वेगळ्या कंपनीची, मार्च २०१७ ची, नगरकडचं पासिंग, टायर नवे, पॉलिश चकाचक. एजंट म्हणत होता, “काका, २०१७ म्हणजे बीएस-४ च. डोळे झाकून घ्या.” सकाळी मामा टोकन द्यायला निघणार होता. मी म्हटलं, “आधी दोन्ही आरसींचे फोटो टाक.”

फोटो आले. टॅव्हेरा बीएस-४. आणि ती चकाचक गाडी, बीएस-३!

मामाचा फोन. “अरे, जुनी गाडी पुढच्या इयत्तेत आणि नवी मागच्या? असं उलटं कसं? तू इतिहास सांगतोस ना लोकांना, मग याचा सांग.”

तर सांगतो.

बीएस म्हणजे भारत स्टेज. गाडीच्या धुरातून काय आणि किती बाहेर पडलं तर चालेल, याची सरकारी मर्यादा. युरोपच्या नियमांवर बेतलेली. आपल्याकडे २००० साली त्याची खरी सुरुवात झाली. पण नुसतं इंजिन सुधारून भागत नाही, डिझेलही साफ लागतं, कारण त्यात गंधक असतं. गंधकामुळे काजळी वाढते आणि धूर साफ करणारी यंत्रं निकामी होतात. रिफायनऱ्या बदलायच्या म्हणजे हजारो कोटींचा खर्च. मग आधी कोणाला द्यायचं साफ डिझेल?

हा प्रश्न ज्या समितीपुढे गेला तिचे अध्यक्ष आपल्या पुण्याच्या एनसीएलशी आयुष्यभर जोडलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. समितीचा अहवाल २००२ चा. मार्ग व्यवहारी होता: मोठ्या शहरांना पुढचा टप्पा आधी, बाकी देशाला काही वर्षांनी. पुणे त्या शहरांच्या यादीत. म्हणून एप्रिल २०१० मध्ये पुणे, मुंबई, सोलापूर अशा १३ शहरांत आणि दिल्ली परिसरात बीएस-४ आलं, आणि त्याच वर्षी उरलेल्या देशात बीएस-३. शहरातल्या पंपावर डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत ५०, यादीबाहेरच्या पंपावर ३५०. एकाच महाराष्ट्रात दोन प्रकारची हवा, कायद्याने ठरवलेली! मला विचाराल तर ही तडजोड समजण्यासारखी होती, पण ती फार लांबली. सात वर्षं. धूर काय शहराची हद्द बघून थांबतो?

मामाचं कोडं इथे सुटतं. २०१३ ची गाडी पुण्यातली म्हणून बीएस-४. २०१७ ची गाडी यादीबाहेरची म्हणून बीएस-३. त्यातही मार्च २०१७ हा महिना लक्षात ठेवा. १ एप्रिलपासून देशभर बीएस-४ लागणार होतं. कंपन्या म्हणत होत्या, बनवून ठेवलेल्या गाड्या तरी विकू द्या. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला नकार दिला. देशभरात आठ लाखांच्या वर बीएस-३ गाड्या पडून होत्या, त्यातल्या बहुतेक दुचाकी. दोन दिवस शोरूमबाहेर जत्रा. तुमच्यापैकी कोणाच्या घरी तेव्हा घेतलेली स्वस्तातली स्कूटर असेल, बघा. २०२० च्या मार्चमध्ये बीएस-४ च्या बाबतीत हेच झालं. मधली पाचवी इयत्ता सोडून आपण थेट बीएस-६ वर गेलो, आणि नेमका त्याच वेळी लॉकडाऊन लागला. म्हणून २०१७ आणि २०२० या सालांच्या गाडीत सालावर विश्वास नको. आरसीवरचा मानकाचा रकाना वाचा आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही वाचा.

आकड्याने फरक किती पडतो? छोट्या डिझेल कारचं बघू. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-३ ला किलोमीटरमागे अर्धा ग्रॅम, बीएस-४ ला पाव, बीएस-६ ला ०.०८ ग्रॅम. काजळीचे कण बीएस-४ ला २५ मिलिग्रॅम आणि बीएस-६ ला साडेचार. ही शेवटची उडी डीपीएफमुळे, म्हणजे काजळी पकडणाऱ्या फिल्टरमुळे.

मामा म्हणाला, “मग टॅव्हेरा घेतो. बीएस-४ आहे, स्वस्त आहे.”

थांब मामा. टॅव्हेराची स्वतःची गोष्ट आहे आणि तिचं एक टोक मावळातच आहे. जनरल मोटर्सचा एक कारखाना तळेगावला होता, २००८ पासून. टॅव्हेरा मात्र बनायची गुजरातमध्ये हालोलला. जुलै २०१३ मध्ये कंपनीने स्वतःच सरकारला कळवलं की या गाडीत नियमभंग झालाय आणि २००५ ते २०१३ मधल्या १ लाख १४ हजार टॅव्हेरा परत बोलावल्या. बीएस-३ वाल्याही आणि बीएस-४ वाल्याही. तपासणीला गाडी जायची तेव्हा कमी धूर सोडणारी निवडक इंजिनं त्यात बसवली जायची. गाडीचं वजनही चुकीचं दाखवलं होतं. सरकारी समितीने याला सरळ कॉर्पोरेट फसवणूक म्हटलं. म्हणजे आरसीवर चार लिहिलेलं आणि बॉनेटखाली कितवी इयत्ता, कोणास ठाऊक. २०१७ अखेर कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचं उत्पादनही बंद झालं. अशी गाडी घ्यायचीच तर रिकॉलचं काम झाल्याचा कागद मागायचा. एजंटकडे तो नव्हता. “कसला कागद?” असं त्याने मामालाच विचारलं.

एकच कंपनी अशी, असंही नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली. चाचणी चालू आहे हे ओळखून वेगळं वागणारं सॉफ्टवेअर होतं त्यांच्या डिझेल गाड्यांत. त्यांचा कारखाना तळेगावहून जवळच, चाकणला. भारतातल्या गाड्या तपासल्या त्या पुण्याच्या टेकडीवरच्या एआरएआयने, आणि रस्त्यावरचे आकडे प्रयोगशाळेतल्यापेक्षा बरेच जास्त निघाले. डिसेंबर २०१५ मध्ये ३ लाख २३ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या गेल्या. भारतात आपण नियम मोडलेला नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. रस्त्यावर गाडी चालवून मोजायचा नियम आपल्याकडे आला एप्रिल २०२३ मध्ये. त्याआधीच्या गाडीचा आकडा म्हणजे खोलीत, रोलरवर दिलेल्या परीक्षेचा निकाल. बोरघाटाच्या चढाची परीक्षा कोणी घेतलीच नव्हती.

पीयूसी? तो माणूस सायलेन्सरमध्ये नळी घालतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लावतो आणि धुराची दाटी मोजतो. बीएस-४ ला ५० पर्यंत पास, त्याआधीच्यांना ६५ पर्यंत. डिझेलचा नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजतच नाहीत.

मग थेट बीएस-६ का नाही? हवेसाठी तीच उत्तम, यात वाद नाही. पण चार लाखांत सात सीटर बीएस-६ डिझेल मिळणं अवघड. शिवाय डीपीएफमधली काजळी जाळायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. मामाचं काम रोज पवनानगर ते कामशेत, खड्डे, म्हशी, दुसरा-तिसरा गिअर. फिल्टर तुंबणार आणि बदलायला निघाला तर एका सीझनची फुलं त्यात जाणार. तुमचं रोजचं जाणं-येणं एक्स्प्रेसवेने असेल तर हिशोब उलटा होतो, तुम्ही बीएस-६ च बघा.

आणि बीएस-३ मला का नको होती? दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली तेव्हा मोजलं जायचं वय. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या गाड्यांना दिलेलं संरक्षण बीएस-४ आणि पुढच्यांपुरतं ठेवलं. तो नियम दिल्लीचा, मावळाचा नाही. पण उद्या इकडे काही आलं तर रेघ कुठे मारली जाईल, याचा अंदाज येतो.

मामाने दोन्ही सोडल्या. थोडी रुसवाफुगवी झाली, कारण टायर खरंच नवे होते. तीन आठवड्यांनी चिंचवडला एका मास्तरांची २०१८ ची बीएस-४ मिळाली, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्यांसकट. रंग मामीला आवडला नाही.

रविवारी आम्ही सगळे खोपोलीपर्यंत जाऊन आलो. परत येताना घाटाच्या चढाला मामा समोर कमी आणि आरशात जास्त बघत होता, मागे धूर दिसतोय का म्हणून. मामी दोनदा ओरडली. धूर काही दिसला नाही. नायट्रोजन ऑक्साइडचं मी त्या दिवशी मुद्दामच काढलं नाही.

चला, भेटू पुढच्या भागात.