पुन्हा द्यावे

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या आत्याबाईंना नागीण झाली. पुरळ तीन आठवड्यांत ओसरले. पण उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत गेलेल्या त्या पट्ट्यातली आग राहिली ती राहिलीच. चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेल्या या बाईंना त्या दुखण्यासाठी नेमका शब्द शोधण्याचा जणू छंद लागला. ठणका नव्हे, कळ नव्हे, चमकही नव्हे. 'पदर घासला तरी भगभगतं' एवढ्यावर त्या अखेर थांबल्या. जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी इतर औषधांच्या जोडीला ट्रामाडॉल लिहून दिले आणि त्या रात्री आत्याबाई कित्येक आठवड्यांनी सलग झोपल्या. महिन्याभराने गोळ्या संपल्या. दिवाळी तोंडावर होती, डॉक्टर गावी गेलेले, आणि आम्ही तीच चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलो.

"काकू, ही चिठ्ठी एकदा वापरलेली आहे. शिक्का बघा. नवीन आणा."

"अहो, पण आजार तोच आहे ना?"

"आजार तोच असेल. चिठ्ठी संपली."

पुढचे पाच दिवस आत्याबाईंचे कसे गेले ते सांगत बसत नाही. दुखणे परतलेच, शिवाय घाम, अस्वस्थता, अंगात कणकण. आम्हाला वाटले ताप आला. असे औषध एकाएकी तुटले की शरीर असा त्रागा करते, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा आम्ही त्या दुकानदाराला मनातल्या मनात लाखोली वाहिली. पुढे कुतूहलाने कायदा उघडून पाहिला, तेव्हा त्याचे काही चुकलेच नव्हते असे आढळले. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील पासष्टावा नियम सांगतो की, चिठ्ठीवरचे औषध एकापेक्षा अधिक वेळा देता कामा नये. मात्र चिठ्ठी लिहिणाऱ्याने तसे तीवर नमूद केले असेल, तर त्याने सांगितले तितक्या वेळा आणि सांगितल्या अंतराने ते द्यावे. म्हणजे 'पुन्हा द्यावे' एवढे दोन शब्द लिहिण्याची मुभा डॉक्टरला १९४५ पासून आहे. आमच्या घरातल्या चाळीसेक वर्षांच्या चिठ्ठ्यांची पिशवी आम्ही उलथीपालथी केली. हे दोन शब्द एकाही चिठ्ठीवर सापडले नाहीत.

ते का सापडत नाहीत, या प्रश्नाचा माग काढताना आम्ही बरेच मागे गेलो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'वेदना' या शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक असेलच. 'विद्' म्हणजे जाणणे. 'वेद' आणि 'वेदना' ही एकाच धातूची लेकरे. बौद्ध परिभाषेत तर वेदना सुखाचीही असते आणि दुःखाचीही. पुढे भाषेने त्यातली सुखाची बाजू गाळली आणि जाणिवेच्या नावाने दुखणेच तेवढे उरले. पण जाणणारा एकटा असतो, ही मूळची अट काही सुटली नाही. १९७५ साली रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने दुखणे मोजण्यासाठी जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत शेवटी हाती आले ते शब्दच : वीस गटांत विभागलेले अठ्ठ्याहत्तर शब्द, आणि रोग्याने त्यांतून आपले निवडायचे. रक्ताच्या तपासणीत वेदना दिसत नाही. म्हणून तिच्यावरचे औषध मागणारा माणूस प्रथम आपल्या शब्दावर विश्वास ठेवा असे मागत असतो. आणि राज्यसंस्थेला, निदान अफूच्या बाबतीत, कोणाच्याच शब्दावर विश्वास ठेवण्याची सवय नाही.

ही सवय कशी लागली? अहिफेन आपल्या वैद्यकात शार्ङ्गधराच्या काळापासून आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात अफू हा मुख्यतः महसुलाचा विषय झाला. गाझीपूरचा सरकारी अफू-कारखाना १८२० चा. अमिताव घोष यांच्या २००८ सालच्या 'सी ऑफ पॉपीज' या कादंबरीत तो ज्यांनी वाचला असेल त्यांना त्याचे वेगळे वर्णन नको. पश्चिमेकडे माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि कंपनी सरकार त्यावर पासाचे शुल्क घेई. या व्यापारात ज्यांनी अमाप संपत्ती मिळवली त्यांत सर जमशेटजी जीजीभॉय अग्रभागी होते. आणि त्यांच्याच देणगीतून १८४५ साली मुंबईत जे. जे. रुग्णालय उभे राहिले. अफूच्या पैशातून रुग्णालय! इतिहास कधी कधी कादंबरीकारालाही न शोभणारे योग जुळवून आणतो. असो. त्याच शहरात गिरणीत कामाला जाणाऱ्या आया मागे राहणारे मूल झोपून राहावे म्हणून त्याला 'बाळागोळी' देत, आणि तिच्यात अफू असे. या साऱ्याची चौकशी करण्यास १८९३ साली रॉयल कमिशन नेमले गेले. १८९५ च्या अहवालात त्याने अफूच्या हिंदुस्थानी वापराची बव्हंशी पाठराखणच केली. महसूल बुडणे सरकारला परवडणारे नव्हते, हे त्यामागचे उघड कारण. १८५७ चा अफू कायदा, १८७८ चा अफू कायदा, १९३० चा घातक औषधी द्रव्यांचा कायदा : या सगळ्यांत अफू पिकवणारा आहे, साठवणारा आहे, चोरून नेणारा आहे. जिचे दुखते आहे अशी बाई मात्र त्यांच्या केंद्रस्थानी कोठेच नाही.

याच काळात युरोपात एक वेगळी गोष्ट घडत होती. जर्मन औषधनिर्माता सर्ट्यूर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळे काढले आणि स्वप्नांच्या ग्रीक देवतेवरून त्याला नाव दिले. तरीही पुढची दीडशे वर्षे ते देण्याची रीत अशी होती की, रोगी विव्हळू लागला की टोचायचे. लंडनमध्ये सिसिली साँडर्स या बाईंनी या रीतीवरच बोट ठेवले. परिचारिका, मग समाजसेविका आणि अखेर डॉक्टर अशा तीन वाटा चालून आलेल्या या बाईंचे म्हणणे साधे होते : दुखणे परत येण्याआधी पुढची मात्रा द्या; तोंडाने द्या; घड्याळ पाहून द्या. रोग्याला औषधासाठी याचना करावी लागली, तर त्याचे सारे लक्ष दुखण्याच्या वाटेकडे लागते आणि भीतीने दुखणे दुणावते. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी जी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली, तिच्यातही 'घड्याळाप्रमाणे' हे तत्त्व आहेच. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' सुरू झाले. देशातले ते पहिले हॉस्पिस. पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली.

आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म त्या घड्याळात आहे. दुखण्याचे घड्याळ तासांचे असते, कागदाचे घड्याळ महिन्यांचे. मात्रा चुकू नये म्हणून जे औषध अखंड मिळायला हवे, तेच आपण सर्वांत अडखळत्या वाटेवर ठेवले.

कारण ते घड्याळ जगभर मान्य होण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, आपल्याकडे अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा लागू झाला होता. व्यसनाच्या व्यापाराला आळा घालण्याचा त्याचा हेतू कोणीही नाकारणार नाही. वेदनाशमनासाठी अशी द्रव्ये अपरिहार्य आहेत, हे ज्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रस्तावनेत मान्य केले आहे, त्यावर भारताचीही सही होती. परंतु नव्या कायद्यात अनेक अपराधांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवलेली; आणि नियम राज्याराज्यांचे वेगळे. रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचे तर चार-पाच परवाने लागत, एकाहून अधिक खात्यांचे, आणि ते सर्व एकाच वेळी जिवंत असावे लागत. पाचवा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत सरे. परराज्यातून माल आणायचा तर दोन्ही राज्यांची संमती हवी. वहीतल्या एका चुकीपायी तुरुंगात जाण्यापेक्षा ते औषध ठेवूच नये, असे औषधालयांनी ठरवले, आणि त्यांना दोष तरी काय द्यावा? देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर कित्येक शे किलोंवरून घसरत १९९७ साली अवघ्या अठरा किलोंवर आला. अफूचा चीक कायदेशीररीत्या काढून जगाला पुरवणारा हा देश! मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या शेतांतली बोंडे चिरली जात होती, चीक गाझीपूरला जात होता, आणि त्याचे मॉर्फिन आपल्याच रोग्यापर्यंत पोहोचत नव्हते.

या घसरणीला पहिला अटकाव झाला तो केरळात. १९९३ मध्ये कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहानशा खोलीत वेदनाशमनाचा दवाखाना काढला. रोग्याला घरी मॉर्फिनच्या गोळ्या द्यायच्या, आणि त्या कोठे जातात याचा हिशोब ठेवायचा. २००१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी तो मांडला : दोन वर्षांत १,७२३ रोगी, आणि गोळ्यांच्या गैरवापराचे किंवा त्या अन्यत्र वळवल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. आम्हाला हा लेख एखाद्या वाङ्मयीन पुराव्याइतका मोलाचा वाटतो. दुखणाऱ्या माणसाचा शब्द खरा मानला तर काय होते, याचा तो ताळेबंद आहे. केंद्र सरकारने १९९८ मध्ये राज्यांना सोपा नमुना-नियम सुचवला होता. बहुतेक राज्यांनी तो वर्षानुवर्षे बासनात ठेवला. शिक्षेची प्रतवारी २००१ च्या दुरुस्तीने झाली. अखेर २०१४ च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक अमली औषधे' असा वर्ग निर्माण केला. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथॅडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन या सहांसाठी देशभर एकच नियम आला, आणि पाच परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरली.

येथे ही कथा सुखान्त व्हायला हरकत नव्हती. पण आत्याबाईंना मॉर्फिन नव्हे, ट्रामाडॉल हवे होते. आणि त्याचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. आधी ते साध्या चिठ्ठीवर मिळे. मार्च २०१४ पासून एच-वन अनुसूची लागू झाली. दुकानदाराने रोग्याचे आणि डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपायची, असा दंडक आला. मग एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल १९८५ च्या कायद्याखाली, मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांत, घालण्यात आले. त्याचा गैरवापर होत होता हे खरेच आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. तथापि लहान गावातला दुकानदार नियमाची कलमे वाचत नाही, त्याला कायद्याचे नाव पुरते. हा कायदा म्हणजे तुरुंग, एवढे तीन दशकांत त्याच्या मनावर कोरले गेलेले. १९८५ नंतर रुग्णालयांनी मॉर्फिनचे जे केले, तेच आमच्या गावच्या दुकानाने ट्रामाडॉलचे केले : ते ठेवणेच कमी केले.

अमेरिकेचे उदाहरण कोणी पुढे करील, आणि करावेही. १९९६ नंतर तेथे ऑक्सिकोडोनच्या गोळ्या ज्या सढळ हाताने वाटल्या गेल्या, त्यातून उभा राहिलेला मृत्यूंचा डोंगर खोटा नाही. परंतु त्या गोष्टीचा उत्तरार्ध आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांचा धसका घेऊन अनेक डॉक्टरांनी जुन्या रोग्यांच्या मात्रा तडकाफडकी तोडल्या. औषध असे अचानक तोडण्यातून तीव्र वेदना आणि आत्महत्यादेखील घडत आहेत, असा इशारा २०१९ मध्ये तेथल्या औषध प्रशासनाला द्यावा लागला. २०२२ मध्ये त्या सूचनाच सुधारून घेतल्या गेल्या. जुनाट दुखण्यावर ही औषधे रामबाण नाहीत, काहींना ती अपायच करतात, हे आम्ही मानतो. कोणाला द्यावीत हा डॉक्टरचा प्रश्न आहे. पण एकदा द्यायची ठरल्यावर दिवाळीच्या सुटीत ती तुटावीत, हा वैद्यकातला निर्णय कोणी घेतलेलाच नसतो.

दिवाळीनंतर डॉक्टर परतले, तेव्हा आम्ही पासष्टाव्या नियमाची छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवली. ते हसले. वीस वर्षांच्या व्यवसायात हे कोणी मागितले नाही, म्हणाले. मग आत्याबाईंना दहा मिनिटे प्रश्न विचारले, जुन्या गोळ्यांची मोजदाद केली, मात्रा थोडी उतरवली, आणि चिठ्ठीच्या तळाशी लिहिले : 'दर तीस दिवसांनी एकदा, एकूण तीन वेळा द्यावे.'

दुकानदाराने ती ओळ चष्मा कपाळावर सारून वाचली, आतल्या खोलीत जाऊन कोणाला तरी फोन केला, आणि परत येऊन वही उघडली. नाव, डॉक्टर, तारीख. मग चिठ्ठीवर शिक्का मारला, कोपऱ्याशी अगदी लहान, पुढच्या दोन शिक्क्यांना जागा राहील असा.

"व्याकरण चुकलंय डॉक्टरांचं," आत्याबाई रिक्षात म्हणाल्या. "'एकदा' आणि 'तीन वेळा' एकाच वाक्यात." आणि चिठ्ठीची चौपट घडी करून त्यांनी ती पर्समध्ये ठेवली.