ये रे माझ्या मागल्या: किक-ऑफच्या लांब फटक्याची गोष्ट

हेडफोन लावलेत? चला तर मग.

आजचा भाग एका वैतागाबद्दल आहे. शनिवारची रात्र, हातात मोबाईल, आपली टीम मैदानात. रेफरी शिट्टी वाजवतो. मधल्या खेळाडूनं बॉल मागे ढकलला. मागच्या डिफेन्डरनं दोन पावलं घेतली आणि दिला लांब फटका, उजव्या कोपऱ्याकडे. तिथे आपला उंच स्ट्रायकर उडी मारतो, समोरचा डिफेन्डरही उडी मारतो, आणि बॉल साइडलाइनच्या बाहेर. थ्रो-इन समोरच्यांचा. चार सेकंदांत आपला बॉल त्यांना आंदण. ग्रुपवर लगेच मेसेज येतो, "परत तेच!" गेल्या आठवड्यात तेच, त्याच्या आधीच्या आठवड्यातही तेच. ये रे माझ्या मागल्या.

मग प्रश्न पडतो. आपल्याला घरबसल्या कळतं, ते लाखो पौंड पगार घेणाऱ्या कोचला कळत नाही का? की त्याला असं काही कळतं, जे आपल्याला दिसत नाही? उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ. थोडं म्हणजे थेट १८६३ सालात.

सुरुवातच लांब फटक्याची होती

१८६३ मध्ये लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि खेळाचे पहिले नियम लिहिले गेले. त्यात किक-ऑफ होता. बॉल मैदानाच्या मध्यावर ठेवायचा, टॉस हरलेल्या टीमनं तो मारायचा, आणि तोवर समोरच्यांनी १० यार्ड लांब थांबायचं. आज मैदानाच्या मधोमध दिसणारं वर्तुळ ९.१५ मीटर त्रिज्येचं असतं, म्हणजे तेच १० यार्ड. बाकी सगळं बदललं, हे अंतर नाही बदललं.

पण त्या काळचा ऑफसाइडचा नियम फार कडक होता. बॉलच्या पुढे असलेला आपला खेळाडू सरळ ऑफसाइड. म्हणजे पुढे पास द्यायची सोयच नाही. मग किक-ऑफला करणार काय? बॉल लांब मारायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याच्यामागे पळायचं. आपण ज्याला आज आळशी डावपेच म्हणतो, तो खरं तर या खेळाचा सगळ्यात जुना डावपेच आहे.

पुढे ऑफसाइड सैल झाला, पासिंग आलं, पण किक-ऑफला एक अट बराच काळ राहिली. बॉल पुढेच गेला पाहिजे. म्हणून जुन्या मॅचच्या क्लिपमध्ये वर्तुळात दोन जण उभे दिसतात. एक जण बॉल जेमतेम पुढे सरकवतो, दुसरा तो मागे देतो. २०१६ मध्ये नियम बदलला आणि किक-ऑफ कोणत्याही दिशेनं चालेल असं ठरलं. त्या वर्षीच्या युरो स्पर्धेत मोठ्या मंचावर पहिल्यांदा एकच खेळाडू बॉलपाशी उभा राहून थेट मागे पास देताना दिसला.

बॉल मागे का, मग लांब का?

किक-ऑफच्या क्षणी सगळे आपापल्या अर्ध्या भागात असतात. बॉल मारणारा सोडला तर कुणीही पुढे गेलेला नसतो. म्हणजे लगेच लांब मारलात, तर बॉल घ्यायला तिथे आपलं कुणीच नाही. बॉल मागे दिला की पुढच्यांना पळायला दोन-तीन सेकंद मिळतात.

आणि कोपऱ्याकडेच का? बॉल मधोमध गमावला तर समोरचे थेट आपल्या गोलकडे निघतात. कडेला गमावला तर त्यांच्या एका बाजूला साइडलाइन असते, जायला वाट कमी. शिवाय कडेचे डिफेन्डर बऱ्याचदा बुटके असतात, तिथे आपला उंच गडी उभा केला की हेडर जिंकायची शक्यता वाढते. कागदावर सगळं चोख. मग आपण वैतागतो कशाला?

पेन्सिल घेतलेला वैतागलेला प्रेक्षक

आता एका माणसाला भेटूया. चार्ल्स रीप. ब्रिटिश हवाई दलात हिशेबनीस. १८ मार्च १९५० रोजी तो स्विन्डन टाउनची मॅच बघायला गेला. पहिला हाफ संपला, स्विन्डन नुसतीच आक्रमणं करत होती, हाती काही लागत नव्हतं. रीप वैतागला. अगदी तुमच्या-आमच्यासारखाच. फरक एवढाच की आपण मोबाईल काढतो, त्यानं वही-पेन्सिल काढली. दुसऱ्या हाफपासून तो प्रत्येक आक्रमणाची नोंद करायला लागला. किती पास झाले, बॉल कुठे गेला, शेवट काय झाला. पुढची कितीतरी वर्षं तो हेच करत राहिला.

त्याचा निष्कर्ष असा की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमध्ये होतात. मग उगाच दहा-दहा पास कशाला? बॉल लवकर पुढे पोचवा. १९६८ मध्ये त्यानं संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत या आकड्यांवर एक शोधनिबंधही छापला.

पण या हिशेबात एक मोठी गोम होती. सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा कमी पासमधून आले, हे खरं. पण मुळात सगळ्या चालींपैकी ९० टक्क्यांहून जास्त चाली तीन पासच्या आतच संपत होत्या. म्हणजे ९० टक्के चालींमधून ८० टक्के गोल, आणि उरलेल्या १० टक्क्यांहून कमी चालींमधून २० टक्के गोल. आता सांगा, फायद्याचं काय? जास्त पासच्या चाली! रीपचे आकडे खरे होते, त्यातून काढलेला अर्थ उलटा होता.

गंमत बघा. लांब बॉलचं शास्त्र एका वैतागलेल्या प्रेक्षकानं मांडलं, आणि पुढच्या पिढ्यांमधले प्रेक्षक त्याच शास्त्राला वैतागले.

कोपऱ्यातलं वाढवलेलं गवत

१९९० च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या केंब्रिज युनायटेड या छोट्या क्लबची सूत्रं जॉन बेक नावाच्या मॅनेजरकडे आली. त्याचं गणित सोपं होतं. बॉल कोपऱ्यात मारा, तिथून क्रॉस करा, पेटीत गर्दी करा. लांब मारलेला बॉल घरंगळत बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या मैदानाच्या कोपऱ्यांतलं गवत मुद्दाम लांब ठेवलं जायचं. अख्ख्या लीगला ठाऊक होतं की केंब्रिज काय करणार. तरीही १९९० मध्ये टीम चौथ्या डिव्हिजनमधून वर आली, १९९१ मध्ये तिसरं डिव्हिजन जिंकलं आणि १९९२ मध्ये सर्वोच्च डिव्हिजनच्या उंबरठ्यावर, प्ले-ऑफपर्यंत पोचली.

आणि मग? प्ले-ऑफमध्ये लेस्टरकडून दुसऱ्या लेगमध्ये ५-० असा मार खाल्ला. पुढच्या मोसमात ऑक्टोबरमध्ये बेकची नोकरी गेली, आणि मोसम संपता संपता टीम खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली. ठरलेल्या डावानं टीमला वर नेलं, पण तो डाव अडला तेव्हा हाताशी दुसरं काही नव्हतं.

असंच काहीसं नॉर्वेचं झालं, पण वर्ल्ड कपमध्ये. कोच एगिल ओल्सेन हेही आकडेवाले, रीपच्या विचारांचे चाहते. त्यांचा लाडका डाव म्हणजे डावीकडून तिरका लांब बॉल, उजवीकडे उभ्या असलेल्या उंच योस्टाइन फ्लोच्या डोक्यावर. या पासला नावच पडलं, फ्लो पास. ही टीम १९९३ मध्ये फिफाच्या क्रमवारीत चक्क दुसरी होती!

मग आला १९९४ चा वर्ल्ड कप. २३ जूनला इटलीविरुद्धच्या मॅचमध्ये इटलीचा गोलकीपर पाल्युका २१ व्या मिनिटाला रेड कार्ड खाऊन बाहेर. समोर दहाच माणसं, हातात तासाभराहून जास्त वेळ. नॉर्वे हरली, ०-१. शेवटी गटातल्या चारही टीमचे ४-४ गुण झाले, गोलफरकही सगळ्यांचा शून्य. पण नॉर्वेनं तीन मॅचमध्ये एकच गोल केला होता. म्हणून शेवटचा नंबर आणि घरची वाट. नॉर्वेच्या फॅनच्या जागी स्वतःला ठेवून बघा. बरोबर चार वर्षांनी, २३ जून १९९८ ला, याच ओल्सेनच्या टीमनं ब्राझीलला २-१ हरवलं. म्हणजे डाव खोटा होता असं म्हणता येत नाही, आणि पुरेसा होता असंही म्हणता येत नाही.

समोरच्याला कळलं तर काय होतं?

परत किक-ऑफकडे येऊ. वर्ल्ड कपमधला सगळ्यात जलद गोल कुणाचा? तुर्कस्तानच्या हाकान शुकूरचा. २००२, तिसऱ्या क्रमांकाची मॅच, साधारण ११ सेकंद. पण किक-ऑफ तुर्कस्तानचा नव्हताच! तो दक्षिण कोरियाचा होता. बॉल मागे गेला, कोरियाच्या डिफेन्डरकडून हिसकावला गेला, गोल.

प्रीमियर लीगमधला सगळ्यात जलद गोलही असाच. २३ एप्रिल २०१९, किक-ऑफ वॉटफर्डचा. बॉल मागे, डिफेन्डर लांब फटका मारणार, एवढ्यात साउदॅम्प्टनचा शेन लाँग धावत आला आणि त्यानं तो फटका अंगावर अडवला. ७.६९ सेकंदांत बॉल जाळ्यात. बॉल मागे आणि मग लांब फटका हे ठरलेलंच आहे, म्हटल्यावर आधीच धाव घेणारा कुणीतरी भेटणारच. "परत तेच" म्हणणारा फॅन इथे शंभर टक्के बरोबर ठरतो.

आता दुसरी बाजू. ४ मार्च २०२३, आर्सेनलच्या मैदानावर बोर्नमथचा किक-ऑफ. खेळाडूंची ठरवून केलेली रचना, उजवीकडे बॉल, क्रॉस, आणि ९ सेकंदांच्या आसपास फिलिप बिलिंगचा गोल. आर्सेनलनं ती मॅच ३-२ अशी जिंकली, पण तीही ९७ व्या मिनिटाला. एक वर्षानं, २३ मार्च २०२४ च्या संध्याकाळी तर कमालच झाली. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टॉफ बाउमगार्टनरनं स्लोव्हाकियाविरुद्ध ६ सेकंदांत गोल केला. किक-ऑफ झाला, बॉल घेऊन तो सरळ पुढे पळत सुटला आणि लांबूनच मारला. त्याच संध्याकाळी जर्मनीच्या फ्लोरियन व्हिर्ट्झनं फ्रान्सविरुद्ध ७ सेकंदांत गोल केला, टोनी क्रूसच्या एका लांब पासवर. पुढे पळणाऱ्याला क्रूसनं बरोबर हेरलं होतं. म्हणजे लांब बॉल वाईट नाही, आंधळा लांब बॉल वाईट.

आणि आता सगळ्यात अजब प्रकार. ३१ मे २०२५, म्युनिक, चॅम्पियन्स लीगची फायनल. पीएसजीचा किक-ऑफ. बॉल वितिन्याकडे आला, आणि जगातल्या उत्तम पासरपैकी एक असलेल्या या माणसानं तो मुद्दाम लांब, इंटर मिलानच्या कोपऱ्याजवळ, मैदानाबाहेर मारला! थ्रो-इन इंटरला आंदण. अगदी तुमच्या टीमसारखं. पण पुढे बघा. बॉल बाहेर जाईपर्यंत पीएसजीचे खेळाडू वर सरकले होते. इंटरला स्वतःच्याच कोपऱ्यात, पीएसजीच्या गराड्यात थ्रो-इन घ्यायचा होता. रग्बीत जशी आधी जमीन जिंकतात आणि मग बॉल, तसला हा प्रकार. कोच लुइस एन्रिके यांची टीम हे त्या मोसमात वारंवार करत होती, कुणापासून लपवलेलं नव्हतं. त्या पहिल्या थ्रो-इनवरून गोल झाला नाही, पहिला गोल १२ व्या मिनिटाला झाला. मॅच मात्र पीएसजीनं ५-० अशी जिंकली.

मग आपण चुकतो का?

दोन टीम, एकच फटका. एकीवर आपण वैतागतो, दुसरीचं कौतुक करतो. फरक फटक्यात नाहीच, फटक्यानंतरच्या पाच सेकंदांत आहे. हेडरनंतर खाली पडणारा बॉल कोण घेणार? थ्रो-इन घेणाऱ्याला कोण घेरणार? जिथे याचं उत्तर ठरलेलं आहे, तिथे डाव समोरच्याला पाठ असला तरी चालतो. जिथे नाही, तिथे तो डाव नसतो, नुसती सवय असते.

कोच अख्ख्या मोसमाचा हिशेब मांडतो. चाळीस किक-ऑफ वाया गेले आणि एकातून गोल झाला, तर त्याच्या वहीत तो नफा. फॅन मोसम बघत नाही. तो आजची मॅच बघतो, तिकिटाचे पैसे मोजून किंवा रात्रीची झोप मोडून. त्याला दर वेळी गोल नको असतो. आपल्या टीमनं काहीतरी विचार केलाय, एवढं त्याला दिसायला हवं असतं. ही मागणी अवास्तव नाही.

म्हणून पुढच्या मॅचला एक करा. शिट्टी वाजली की बॉलकडे बघू नका. लांब फटका बसला की बाकीचे खेळाडू कुठे पळतात, ते बघा. सगळे एका बाजूला गोळा होत असतील तर जरा धीर धरा. आणि बॉल हवेत असताना बाकीचे उभे राहून त्याच्याकडे बघत असतील, तर मग बिनधास्त ग्रुपवर लिहा, "परत तेच!"

तुमच्या टीमचा किक-ऑफ कुठल्या प्रकारात बसतो, ते मॅच बघून ठरवा. भेटूया पुढच्या भागात!