खाडीचा नाका

काशीमीऱ्याच्या नाक्यावर उभे राहून बंदर कुठे म्हणून विचाराल, तर रिक्षावाला आधी तुमच्याकडे नीट बघून घेईल. इथे समुद्राचा वासही येत नाही. डिझेल, तळणाचा वडा, मेट्रोच्या कामाची धूळ आणि मागे नॅशनल पार्कचा डोंगर, एवढंच. पण हायवेने जरा वर सरका. फाउंटन हॉटेलपाशी ठाण्याचा घोडबंदर रोड येऊन मिळतो, आणि उरणच्या जेएनपीटीतून निघालेले कंटेनर गायमुखचा घाट कसाबसा पार करून इथेच अहमदाबादच्या दिशेला लागतात. बंदराचा माल आजही या कोपऱ्यावरून जातो. बंदर तेवढं लांब गेलं.

तुम्ही घोडबंदर गावात शिरा आणि टेकडीवर चढा. बुरुजाशी पोचलात की खाली खाडी दिसेल, पलीकडे वसई तालुका. साष्टी बेटाचा डोंगर इथे थेट पाण्याला भिडतो, खाडी अरुंद होते, आणि ठाण्याहून वसईला जाणाऱ्या प्रत्येक गलबताला या टेकडीच्या नजरेखालून जावं लागतं. ज्याची माणसं वर, त्याची जकात खाली. मला विचाराल तर या खाडीचा पाचशे वर्षांचा इतिहास म्हणजे जकात कुणी घ्यायची याचं भांडण. झेंडे, तह, देवळं, चर्च हे सगळं त्या भांडणाच्या अंगावर चढलेलं.

आता हायवेकडे पाठ करा. ट्रकांचा आवाज विरला की खाली उतरा.

धक्का कसला, नुसता चिखल. होर्मुझ-अरबस्तानकडून आलेला एक घोडा पडावातून उतरवताहेत. जनावर महिनाभर पाण्यावर राहून बिथरलेलं, चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेलं, आणि त्याच्या नाकपुड्यांवर मिठाचा पांढरा थर. दोन माणसं लगाम ओढताहेत, तिसरा मागून नुसताच ओरडतोय. गावाचं नाव या घोड्यांवरूनच पडलं असं सांगतात. साल १५३५ धरून चाला. गेल्याच वर्षी, १५३४च्या २३ डिसेंबरला, गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या हाताखालची बेटं पोर्तुगीजांना लिहून दिली. एका बाजूने हुमायून चालून येत होता, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीजांच्या नुनो द कुन्याचं आरमार. बहादूरशहाने त्यातल्या त्यात समुद्राकडचं संकट मुलूख देऊन मिटवलं. मुंबईही त्या यादीत होती, पण मुंबईसाठी तेव्हा कुणाची झोप उडत नव्हती. कलमांत खरा जीव होता तो असा: गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईला येऊन परवाना घ्यायचा, आणि परतताना वसईलाच लागून जकात भरायची. समुद्र कुणाच्या मालकीचा नसतो हे तुम्हाला शाळेत शिकवलेलं असेल, तर ते इथे कुणाला सांगू नका.

चिखलात एक होडी टेकलेली आहे. तांडेल तुमच्या बुटांकडे बघतो, पण विचारत काही नाही. ‘बसा दादा, ओहोटी लागलीय. भरती लागली तर ठाण्यालाच पोचाल.’

तुम्ही बसता. डावीकडे तिवरं, त्यामागे आगऱ्यांची खाजणं आणि मिठागरं, पुढे भाईंदर, आणि त्याच्याही पुढे मुखाशी धारावीची टेकडी. ही धारावी उत्तनजवळची, मुंबईतली नव्हे. मध्ये पाणजूचं बेट उजवीकडे टाकून होडी पश्चिमेला ओढली जाते. पाणी वसईकडे नेत असतं, तुम्ही फक्त गप्प बसायचं.

पाण्याच्या दरवाज्याशी उतराल तेव्हा साल १६९५ झालेलं असेल.

वसई आता ‘उत्तरेच्या प्रांता’ची राजधानी आहे. तट, दहा बुरूज, आत सरळ रस्ते, दुमजली घरं, झाकलेले सज्जे. खिडक्यांना काच नाही. तावदानांत शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवल्यात आणि त्यांतून दुपारचा उजेड दुधाळ होऊन घरात पडतो. मी या शहरातून एकच गोष्ट उचलून आणायला मिळाली तर ती खिडकी आणेन. दगड इथलाच, इतका टणक की गोव्याची चर्चं बांधायलाही नेतात. लाकूड इथलं, जहाजं शेजारच्या आगाशीला बांधतात. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन, प्रत्येकाचं आपलं चर्च आणि मठ. पालखीतून एक फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज सरदार, जातो. त्याच्यावर छत्री धरणारा माणूस घामाने निथळतोय. तटाच्या आतली वस्ती या सरदारांची. कारागीर आणि मजूर काम उरकून बाहेरच्या कसब्याकडे वळतात. त्यांच्यात कुणी भंडारी, कुणी कोळी, कुणी सामवेदी. अनेकांची नावं बदललीत, बोली तीच आहे. याच वसईच्या गोन्सालो गार्सियाला जपानात नागासाकीला १५९७ साली क्रूसावर मारलं, आणि १८६२ साली रोमने त्याला संतपद दिलं.

पण थोडं उत्तरेकडे वळा. घरांची दारं उघडी आहेत, अंगणात गवत माजलंय, रस्त्यावर कुणी नाही. प्लेगने शहराचा तिसरा हिस्सा ओस पडलाय. जेमेल्ली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी याच वर्षी इथे येऊन हे बघून गेला. मस्कतचे अरब वीसेक वर्षांपूर्वी तटाबाहेरची चर्चं लुटून गेले होते, तेव्हा आतल्या सरदारांनी दरवाजे लावून घेतले.

आणि मुंबई? ती १६६१ साली हुंड्यात गेली. राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, सोबत बेट दिलं. ज्या व्हाइसरॉयला ताबा द्यायचा होता, त्या आंतोनियो द मेलो इ काश्त्रोने १६६५पर्यंत टंगळमंगळ केली आणि लिस्बनला बजावलं की इंग्रज मुंबईत बसला त्या दिवशी हिंदुस्थान हातचा गेला समजा. कुणी ऐकलं नाही. साष्टी आणि ही खाडी पोर्तुगीजांकडेच राहिली, तेव्हा त्यांनी ठाण्यापाशी मुंबईच्या बोटींकडून जबर जकात घ्यायला सुरुवात केली. राग काढायची ही जुनीच रीत. इंग्रज कुरकुरत राहिले आणि गोद्या बांधत राहिले.

होडीत परत या. या वेळी तांडेल घाईत आहे. साल १७३९, मे महिना, आणि पश्चिमेला ढग जमायला लागलेत.

दोन वर्षांपूर्वी ठाणं आणि घोडबंदर मराठ्यांनी घेतलं. तीच ती टेकडी, जिच्यावरून १६७२ साली शिवाजी महाराजांच्या माणसांना माघारी फिरावं लागलं होतं. मग मुखावरची धारावी पडली, आणि वसईची मदत येण्याचा मार्ग बंद झाला. समुद्रात आंग्रे होतेच. आता तुम्ही तटाच्या उत्तरेला, मोर्चात बसला आहात. जमीन खणताहेत. तुमच्या शेजारचा सुरुंगे पोतं डोक्यावर घेऊन पोटावर सरकतो, आणि वरून गरम तेल नाहीतर दारूचं मडकं येतं तेव्हा जागच्या जागी आडवा होतो. पाऊस लागला तर खंदक भरतील, दारू भिजेल आणि चार महिने काही करता येणार नाही, हे चिमाजी अप्पांपासून पखालजीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. किल्ला हाती येत नसेल तर माझं डोकं तोफेच्या तोंडी देऊन आत टाका, असं अप्पा म्हणाले ही आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. मोर्चात बसल्यावर ती खोटी वाटत नाही.

सुरुंग उडतात. एक बुरूज ढासळतो, माणसं खिंडारातून चढतात, मागे लोटली जातात, पुन्हा चढतात. १६ मेला किल्लेदार शरणागतीवर सही करतो. मेलेल्या-जखमी पोर्तुगीजांचा आकडा आठशेच्या घरात; मराठ्यांनी स्वतः कबूल केलेला पाच हजारांच्या वर. २३ तारखेला पोर्तुगीज शिबंदी हत्यारांसह, नगारे वाजवत बाहेर पडते. तुमच्यासमोरून एक बाई पोर कडेवर घेऊन जाते. तिचा जन्म इथलाच, तिच्या आजीचाही. लिस्बन तिने बघितलेलं नाही.

वेढा चालू असताना मुंबईच्या इंग्रजांनी काय केलं? चर्चची चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेतल्या आणि पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले. अख्ख्या वेढ्यात नफ्यात राहिलेले तेवढेच.

घंटा मराठ्यांनी उतरवून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ची, मेणवलीच्या घाटावरची १७०७ची, भीमाशंकरची. या वसईच्या म्हणून ओळखल्या जातात. क्रूस कोरलेली घंटा दोनशे-ऐंशी वर्षं शंकरापुढे वाजतेय आणि भटजींची काही तक्रार नाही. अप्पांनी वज्रेश्वरीचा नवस फेडला, तटबंदी असलेलं देऊळ बांधलं. वसईचं नाव बदलून बाजीपूर केलं. कागदावर चाललं, तोंडात बसलं नाही. ज्या जागेवर पोर्तुगीजांचं बंदर होतं तिथे आता सुभा होता, आणि जकातीची चौकी तिच्या जागी होतीच.

यापुढे ओहोटीचा जोर वाढतो, फार रेंगाळायला मिळणार नाही. १७७४च्या डिसेंबरात इंग्रज ठाणं आणि साष्टी घेतात. १७८०च्या डिसेंबरात इंग्रजांचा गॉडार्ड वसई घेतो. १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडे राहते, वसई मराठ्यांना परत मिळते. म्हणजे पुढची छत्तीस वर्षं तुमच्या होडीखालचं पाणी ही सरहद्द आहे: भाईंदर इंग्रजांचं, नायगाव पेशव्यांचं. ३१ डिसेंबर १८०२ला, होळकरांपुढे पुणं सोडून पळालेला दुसरा बाजीराव याच वसईत इंग्रजांच्या फौजेखाली राहायचं कबूल करतो. अप्पांनी पाच हजार माणसं घालून घेतलेल्या जागी त्यांच्याच पुतण्याच्या, राघोबाच्या, पोराने सही केली. १८१८ला उरलंसुरलं गेलं.

मग किल्ल्यात ऊस लागतो. होय, ऊस. एका इंग्रज अधिकाऱ्याने तटाच्या आत साखरेचा उद्योग काढला होता. तो बुडाला. त्या वेळेपर्यंत खाडीत गाळ साचलेला, मोठी जहाजं मुंबईला लागत होती, आणि वसईच्या बंदरात मचवे उरले होते.

बंदराला शेवटचा धक्का लोखंडाने दिला. १८६४ साली बीबीसीआय रेल्वे खाडीवर पूल टाकून ग्रँट रोडपर्यंत गेली. तुम्ही पाणजूपाशी मान वर करून बघा: पहिली गाडी धडधडत डोक्यावरून जाते आणि तांडेल कानांवर हात ठेवतो. गाडी त्याच्या होडीजवळ थांबली नाही. वसई रोड स्टेशनही किल्ल्यापासून चांगलं लांब आत पडलं, आणि बाजार स्टेशनाकडे सरकला. भाईंदरचं मीठ मात्र रेल्वेने वर आणलं. त्यावर कर होताच. १८८८ साली मणामागे अडीच रुपये झाला. मिठागरात उन्हात फळी ओढणाऱ्या माणसाला मणामागे मिळत काय होतं याचा विचार करून तो आकडा वाचावा.

त्याच सुमाराला, १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, पोर्तुगीजांच्या वेळी ख्रिस्ती झालेल्या मुंबई-साष्टी-वसईच्या लोकांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतलं. कंपनीचं नाव, राणीचा मुहूर्त, धर्म पोर्तुगीजांकडून आलेला, आणि घरात मराठी. हुशारीच होती ती: गोव्याहून येणाऱ्यांपासून नोकऱ्यांत वेगळं ओळखू यायला हवं होतं. याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना एकदा या होडीत बसवायला हवं.

तुमचं शतक जवळ आलं, कारण पाण्याला वास यायला लागलाय. मीरा-भाईंदरची १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांवर गेली. मिठागरांच्या कडेपर्यंत इमारती आल्या. दहिसरला जकात नाका होता आणि त्याच्यापुढच्या ट्रकांच्या रांगेत लोकांच्या रात्री गेल्या. तो १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर बंद झाला. टोल नाका राहिला. ऑक्टोबर २०२४मध्ये छोट्या गाड्यांना तोही माफ झाला. या खाडीच्या काठाने इतक्या जणांना जकात दिली, की फुकट जायचं म्हटल्यावर पहिले काही दिवस लोक सवयीने काच खाली करत असतील.

फेब्रुवारी २०२४पासून भाईंदर ते वसई किल्ला रो-रो बोट चालू आहे. स्कूटर बोटीवर चढवा, तिकीट घ्या, आणि लोकलच्या गर्दीला वळसा घालून तुम्ही थेट तटाशी उतरता. चिमाजी अप्पांच्या फौजेला ज्या पाण्याने दोन वर्षं अडवलं ते तुम्ही चहा थंड व्हायच्या आत ओलांडता. शेजारी पाचूबंदरच्या होड्या लागलेल्या असतात, सुकत घातलेले बोंबील असतात, आणि बोट आली की होडीवाले जरा कुरकुरत बाजूला होतात.

आणखी वर, डहाणूजवळ वाढवणला, नव्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला झाली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. समुद्रात भराव घालून बंदर उभं राहणार, जगातली मोठ्यातली मोठी जहाजं तिथे लागणार. पालघरपासून या खाडीपर्यंतच्या मच्छीमारांच्या संघटना कोर्टात आणि रस्त्यावर भांडताहेत. तुमच्या तांडेलाला तुम्ही हे सगळं समजावून सांगता. होर्मुझ, लिस्बन, लंडन त्याला ऐकून ठाऊक आहेत, कंटेनर म्हणजे काय ते कळायला थोडा वेळ लागतो. त्याला एवढंच विचारायचंय की भराव घातल्यावर तिथे डोल जाळी लावायला जागा राहणार का, आणि ती कुणाला विचारून ठरली.