वाकलेले विणकर, थांबलेले माग

1928 साली मुंबईत परळ-लालबागच्या गिरण्यांमधल्या साळखात्यांत, म्हणजे विणकाम विभागांत, वाद पेटला तो आकड्यावरून. विणकराने दोन माग सांभाळायचे की तीन? ससून उद्योगसमूहाच्या गिरण्यांनी तीन मागांची ‘एफिशियन्सी’ योजना आणली आणि एप्रिलपासून सहा महिने दीडेक लाख कामगार संपावर होते. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. संपानंतर सरकारी फॉसेट समितीने या वादाची चौकशी केली, पण तीन माग झेपणार का, याची मेख होती धागा तुटण्यात. सूत हलकं किंवा हवा कोरडी असली की धागा वारंवार तुटतो, माग थांबतो, विणकर वाकून सांधत बसतो. दिवसातून हे किती वेळा, हे सांगणार कोण?

याच सुमारास मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधले संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट घड्याळ लावून मागांची नोंद करत होते. काम संपता संपेना. एका गिरणी व्यवस्थापकाने सहज सांगितलं, खात्यात शिरल्यावर बरेच विणकर वाकलेले दिसले की समजायचं, दिवस वाईट. टिपेटांनी ते उचललं. अनियमित वेळी फेरी मारायची, प्रत्येक मागाकडे एकच नजर टाकायची आणि टिपायचं: चालू की बंद, आणि बंद तर का. 400 नजरांत 80 बंद दिसले तर सुमारे 20 टक्के वेळ वाया, प्रमाणत्रुटी 2 टक्के. मात्र सुताची एकच खराब लॉट शेजारच्या दहा मागांवर चढला असेल, तर त्या दहा नजरा स्वतंत्र राहत नाहीत आणि त्रुटी वाढते. ही पद्धत 1935 मध्ये छापून आली. पुढे तिला वर्क सॅम्पलिंग म्हणू लागले.

1952 च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं पथक भारतात आलं आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत कामाचं मोजमाप शिकवू लागलं. नंतर शीवला केंद्रीय श्रम संस्था उभी राहिली. आता कामगाराच्या वेळेत विश्रांतीची सूट अधिकृतपणे धरली जाऊ लागली. पण मे महिन्यातल्या दमट साळखात्यात ती किती टक्के असावी, हे कुठल्याच फेरीतून निघत नव्हतं. माझ्या मते तिथे संख्याशास्त्राची हद्द संपते आणि युनियनची सुरू होते.